चवथीआधी वुडन फ्लोअरिंग करू का? आधी खालची लादी तपासा

पत्र:
"नमस्कार दादा, आम्ही डिचोलीत राहतो. घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, चिऱ्याचं, खाली जुनी लादी आहे, आणि १५ वर्षांपूर्वी वर स्लॅब घालून दोन बेडरूम काढल्या. त्या दोन खोल्या आणि खालचा हॉल, तिन्हीकडे वुडन फ्लोअरिंग करायचं मनात आहे. म्हापशाच्या एका दुकानदाराने दोन सॅम्पल दिली, एक ८ मिमीचं, एसी ४, ११० रुपये स्क्वेअर फूट, दुसरं १२ मिमीचं, एसी ३, १६५ रुपये. तो म्हणाला १२ वालंच घ्या, जाड आहे, वॉटरप्रूफ आहे, वीस वर्षं बघायला नको. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पावसात थंड लादीवर पाय ठेववत नाही त्यांना. मुलगा दोन वर्षांचा आहे. चवथीच्या आधी काम उरकूया असं ह्यांचं म्हणणं. कुठलं घेऊ?
– एक सून, डिचोली"

ताई, नमस्कार. उत्तर आधी देतो आणि कारणं मग सांगतो, कारण दुकानदाराला अॅडव्हान्स देण्याच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं. वरच्या दोन बेडरूमना लॅमिनेट, म्हणजे त्याने दाखवलेल्या त्या लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, जरूर करा, ८ मिमीचं एसी ४ पुरे आहे (एसी म्हणजे वरचा थर किती झीज सोसतो त्याचा नंबर). खालच्या हॉलला लॅमिनेट करू नका, ८ चं नाही आणि १२ चंही नाही. आणि चवथीच्या आधी तर अजिबात नको, दिवाळी होऊ दे.

आता हॉलबद्दल, कारण खरी काळजी मला त्याचीच वाटली. तुमचं घर जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जोत्यात मातीची भर, वर थोडं काँक्रीट नाहीतर चुना, आणि त्यावर लादी बसवलेली. त्या काळी खाली प्लास्टिकचा कागद घालायची पद्धत नव्हती. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत जमीन भिजून चिंब असते आणि ती ओल जोत्यातून वर चढते. लादी उघडी असते तेव्हा ती ओल हळूहळू हवेत निघून जाते, आपल्याला दिसतही नाही, फार तर सांध्यात काळपट पडतं किंवा भिंतीचा खालचा हातभर रंग फुगतो. पण त्यावर तुम्ही लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी झाकण म्हणून ठेवलीत की ती ओल जाणार कुठे, फळीतच जाणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. फोंड्याला आमच्या जुन्या घरी आईच्या खोलीत मी हेच करून बसलो होतो. तिला संधिवात, लादी थंड लागते म्हणून मीच हौसेने १४० स्क्वेअर फूट लॅमिनेट घालून घेतलं, फिटर म्हणाला खाली लादी आहे ना, मग प्लास्टिक कशाला, आणि मी ऐकलं. पहिला पावसाळा निघाला, दुसऱ्या जुलैत फळ्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या, मग कपाटाच्या खालून कुबट वास यायला लागला, आईचा खोकला जाईना. ऑगस्टमध्ये सगळं उचकटलं तर फळीखाली अंथरलेला फोम ओला आणि फळीच्या पाठीवर काळी बुरशी. पैसे गेले त्याचं मला तितकं वाटलं नाही, पण म्हातारं माणूस दोन महिने त्या बुरशीवर झोपलं, ते मला अजून लागतं. म्हणून सासऱ्यांसाठी म्हणून तुम्ही हे करताय हे वाचल्यावर मी लगेच लिहायला बसलो.

आधी ही फळी असते काय ते बघा, म्हणजे दुकानदार काय बोलतो ते तुम्हाला तोलता येईल. आपण सगळे वुडन फ्लोअरिंग म्हणतो पण लॅमिनेटमध्ये दिसणारं लाकूड हा छापलेला कागद असतो. मधे एचडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये दाबून केलेली घट्ट पाटी, तिच्यावर तो छापील कागद, त्याच्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर, त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण, ते ओरखडे सोसतात. आणि पाटीच्या पाठीला आणखी एक कागद, फळी वाकू नये म्हणून. आपल्या किचनच्या सनमाइकाचीच ही बहीण, १९७७ मध्ये स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने जमिनीसाठी काढली, ती कंपनी आधी तसलेच पृष्ठभागाचे लॅमिनेट करायची. म्हणजे वरचा थर पाण्याला घाबरत नाही, घाबरते ती मधली पाटी, आणि पाणी तिच्यापर्यंत दोनच वाटांनी जातं, वरून सांध्यातून आणि खालून जमिनीतून. ही खालची वाट ध्यानात ठेवा.

आता वॉटरप्रूफ. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण त्या शब्दाचा अर्थ बॉक्सवर बारीक अक्षरात असतो. चांगल्या कंपन्यांच्या फळ्यांना सांध्यांवर मेण किंवा तसलं कोटिंग असतं, त्यामुळे वर सांडलेलं पाणी २४ तास, काही ठिकाणी ७२ तास, आत जात नाही असं ते म्हणतात. हे सगळं वरून सांडलेल्या पाण्याबद्दल. खालून येणारी ओल, तुंबलेलं पाणी, पाइप फुटणं, हे वॉरंटीत बहुतेक वेळा चक्क बाहेर काढलेलं असतं. तुम्ही त्याला सरळ विचारा, की जमिनीतून ओल आली तर वॉरंटी लागू आहे का आणि हे बिलावर लिहून देणार का. तो काय उत्तर देतो त्यावरून तुम्हाला बरंच कळेल. आणि हो, फळी कापल्यावर आत हिरवा रंग दिसला की ती पाणीरोधक असं दाखवतात, पण तो हिरवा रंग हा नुसता डाय आहे. ओलीला टिकणारी पाटी ओळखायला काही कंपन्या हिरवा घालतात हे खरं, पण साध्या पाटीत तोच रंग घालायला कोणाला कोण अडवणार. रंगावर जाऊ नका.

जाडीचंही तसंच. १२ मिमीने ओरखडे कमी पडत नाहीत. वरचा थर १२ च्या फळीला आणि ८ च्या फळीला सारखाच असू शकतो, कधी ८ चाच चांगला असतो, तुमच्या सॅम्पलमध्ये नेमकं तसंच आहे. झीज किती सोसेल ते एसी नंबरवर असतं, ईएन १३३२९ या युरोपच्या स्टँडर्डप्रमाणे मशीनवर सँडपेपरची चाकं फिरवून बघतात, एसी ३ ला साधारण २००० फेऱ्या आणि एसी ४ ला ४००० फेऱ्यांपर्यंत डिझाइन टिकायला हवं. म्हणजे तो तुम्हाला स्क्वेअर फुटाला ५५ रुपये जास्त घेऊन कमी टिकणारा थर विकतोय. १२ मिमीचा फायदा अगदी नाही असं नाही, चालताना भरीव वाटतं, आवाज कमी येतो, सांधे थोडे मजबूत असतात. पण बेडरूमला त्यासाठी एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. शिवाय दारांचं बघा, १२ ची फळी आणि खाली ३ मिमी फोम म्हणजे दीड सेंटिमीटर उंची वाढली, तुमची दारं सागवानी असतील, पावसात आधीच घट्ट होतात, ती खालून रंध्याने तासावी लागतील. ८ ला २ मिमी फोम घातला तर एकच सेंटिमीटर. एसी ५ पण मिळतं, ते दुकानाला, ऑफिसला, घरच्या झोपायच्या खोलीला त्याची गरज नाही आणि काही एसी ५ चा वरचा थर इतका जाड असतो की लाकडाची छपाई थोडी धुरकट दिसते.

मग चांगलं ८ मिमी कुठलं ते ओळखायचं कसं, कारण एसी ४ वरच्या थराबद्दल सांगतं, मधल्या पाटीबद्दल काहीच सांगत नाही, आणि गोव्यात आपल्याला पाटीचीच चिंता. पाटी जड हवी. साधारण ४ फूट लांब आणि साडेसात इंच रुंद अशी ८ मिमीची फळी घरच्या वजनकाट्यावर ठेवा, दीड किलोच्या वर भरली पाहिजे. भुसभुशीत पाटी हलकी भरते आणि कापलेल्या कडेवर नख मारलं तर तंतू सुटतात. दुसरं, कंपनीच्या टेक्निकल शीटवर थिकनेस स्वेलिंग म्हणून टक्केवारी असते, तुकडा २४ तास पाण्यात ठेवून किती फुगला ती. जितकी कमी तितकं बरं. शीट देत नसतील तर घरीच करा, दोन्ही सॅम्पलचे चार-चार इंचाचे तुकडे कापून घ्या, कडेची जाडी पेनने लिहून ठेवा, बादलीत बुडवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत मोजा. ८ चं ९ झालं तर चालेल, १० झालं तर दुकानदाराला तो तुकडा नेऊन दाखवा आणि नमस्कार करून बाहेर पडा. या परीक्षेला एक रुपया लागत नाही आणि मी अजूनपर्यंत असा दुकानदार पाहिला नाही की ज्याने सॅम्पलचा तुकडा द्यायला नाही म्हटलं, जो म्हणेल त्याच्याकडून घेऊच नका.

मूल दोन वर्षांचं आहे म्हणून एक गोष्ट अजून. ही पाटी ज्या रेझिनने चिकटवतात त्यातून फॉर्मल्डिहाइडचा वायू थोडा थोडा सुटत राहतो, डोळे चुरचुरतात, घशाला लागतो. त्याची मर्यादा ई१ या ग्रेडने ठरते, किंवा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या कार्ब फेज २ ने. बॉक्सवर यातलं एक तरी छापलेलं असायलाच हवं. नवीन बॉक्स फोडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला आणि कागदावर ग्रेडच नाही, तर ते स्वस्तात मिळत असलं तरी मुलाच्या खोलीत नको. आणि काम झाल्यावर तीन-चार दिवस खिडक्या उघड्या ठेवून खोली रिकामीच ठेवा.

रंग आणि फिनिश तुमच्या आवडीचं, त्यात मी पडत नाही, फक्त एवढंच की ग्लॉसी घेऊ नका. डिचोलीची तांबडी माती पायाला लागून घरात येते, त्यातले कण सँडपेपरसारखंच काम करतात, ग्लॉसीवर सहा महिन्यांत जाळं दिसायला लागतं. मॅट घ्या, मध्यम रंगाचं, अगदी गडद घेतलंत तर रोज धूळ पुसत बसाल. आणि दुकानात एकच फळी बघून ठरवू नका, एक अख्खा बॉक्स जमिनीवर पसरायला सांगा, स्वस्त मालात दोन-तीनच डिझाइन परत परत येतात आणि तीच गाठ खोलीभर दिसली की लाकडाचा भासच राहत नाही.

किती मागवायचं ते तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. समजा एक खोली ११ बाय १२ आणि दुसरी १० बाय १३, म्हणजे १३२ आणि १३०, मिळून २६२ स्क्वेअर फूट. कापाकापीला १० टक्के धरा, २८८ झाले. बॉक्सवर स्क्वेअर मीटर लिहिलेलं असतं, त्याला १०.७६ ने गुणलं की स्क्वेअर फूट येतात, २.२ स्क्वेअर मीटरचा बॉक्स असेल तर साधारण २३.७, म्हणजे १३ बॉक्स लागतील. सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या, आणि उरलेल्या चार फळ्या माळ्यावर जपून ठेवा, पुढे एखादी बदलायची वेळ आली तर तोच रंग मिळेल याची खात्री नसते. भाव विचारताना फोम, प्लास्टिक, स्कर्टिंग, दाराजवळची पट्टी, मजुरी आणि जीएसटी धरून किती ते एका कागदावर घ्या, नाहीतर ११० चे शेवटी १६० कधी झाले ते कळत नाही.

आता चवथ. तुमच्या ह्यांची घाई मला समजते, वर्षभर बाहेर असलेली माणसं चवथीला घरी येतात आणि घर नवं दिसावं असं कोणाला वाटणार नाही? पण फळी ही लाकडाचीच, पावसाळी हवेतली ओल पिऊन ती फुगते. जुलै-ऑगस्टमध्ये ती फुगलेली असताना बसवलीत तर डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडली की ती आकसते आणि सांध्यासांध्यात फटी पडतात, मग त्या फटीतून पुढच्या पावसात पाणी आत. नोव्हेंबरनंतर बसवा, बॉक्स आधी दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा, बंदच, ४८ तास, म्हणजे फळ्या त्या हवेला रुळतात. मग पावसात त्या फुगतील ते गृहीत धरून चारही भिंतींपाशी १० मिमीची फट सोडायची. ही फट सोडणं म्हणजे कामाचा जीव आहे आणि नेमकं तिथेच आपले मेस्त्री कंटाळतात, किंवा फट वाईट दिसते म्हणून व्हाइट सिमेंट भरून टाकतात, मग पहिल्याच पावसात जमीन मधे कमानीसारखी उचलते. फट स्कर्टिंगने झाकायची आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. फळीला काहीच ठोकायचं नाही, दाराचा स्टॉपर पण नाही. ती सगळी एकमेकांत अडकून जमिनीवर नुसती पडून असते, तिला हलायला मोकळीक लागते. भिंतीतलं मोठं कपाट करणार असाल तर आधी कपाट आणि मग त्याच्या पुढून फ्लोअरिंग.

वरच्या खोल्यांना सुद्धा स्लॅबवर आधी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक घालायला सांगा, दोन तुकडे जोडतात तिथे वीतभर एकावर एक आणि वर टेप. त्यावर फोम. पांढरा साधा फोम वर्षभरात चपटा होतो, थोडे पैसे जास्त देऊन आयएक्सपीई म्हणजे लवकर न दबणारा घट्ट फोम घ्या, पण २-३ मिमीच, मऊ वाटावं म्हणून जाड फोम घालायला जाल तर पायाखाली फळी दबून क्लिक लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचा, तुटतात. खालची जमीन दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त उंच-सखल नको, लादी असेल तर टकटक करून बघा, पोकळ वाजली ती आधी बसवून घ्या.

वाळवीचं विसरू नका. पाटी लाकडाची आहे, आणि चिऱ्याच्या घरात वाळवी भिंतीतून वरच्या मजल्यापर्यंत चढते हे तुम्हाला मी सांगायला नको. दाराच्या चौकटीत कुठे मातीची रेघ दिसली तर पेस्ट कंट्रोल आधी, लॅमिनेट नंतर.

आता सासरे. ताई, इथे मला तुम्हाला थोडं निराश करावं लागणार. लॅमिनेट पायाला लादीइतकं थंड लागत नाही हे खरं, पण ते मऊ नसतं, गुडघ्यांना त्याने फारसा आराम नाही. आणि ओल्या पायाने त्यावर घसरायला होतं, मोजे घातले तर कोरड्यावरही. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पडण्याची भीती मला थंड लादीपेक्षा मोठी वाटते. ते खाली झोपत असतील तर त्यांच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत रबरी पाठीची जाड मॅट घाला, मधे फट न ठेवता, आणि त्यांना घरात घालायला ग्रिपवाली मऊ चप्पल घ्या. दीड-दोन हजारात त्यांना जो आराम मिळेल तो हॉलभर लॅमिनेट घालून मिळणार नाही.

आणि हॉल म्हणजे गणपती बसतो तीच जागा ना. मी डोळ्यांपुढे आणून बघितलं, वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली पानाफळांची चौकट, तिच्यातून पानांचं पाणी आणि पिकलेल्या फळांचा रस गळतोय, समईचं तेल, पूजेचं पाणी, बाहेर धो धो पाऊस आणि दारात छत्र्या ठेवून ओल्या पायांनी येणारी माणसं, मग घुमट वाजवत आरतीला चाळीस जण उभे, रात्री बायकांची फुगडी. त्या जागेला लादीच शोभते आणि लादीच टिकते. तुमची जुनी लादी चांगली असेल, फुटलेली नसेल, तर मशीनने घासून पॉलिश करून घ्या, पैसेही कमी लागतील आणि आजोबांच्या हातची जमीन राहील. लाकडासारखंच दिसायला हवं असेल तर लाकडी डिझाइनची व्हिट्रिफाइड टाइल मॅट फिनिशमध्ये मिळते, तिला ओल काही करत नाही. कोणी एसपीसी सुचवेल, दगडाची पूड आणि प्लास्टिकची ती फळी, ती स्वतः फुगत नाही हे अगदी खरं, पण खाली ओल कोंडली की वास आणि बुरशी तिच्याही खाली येते, म्हणून खालच्या मजल्यावर ओलीचा बंदोबस्त केल्याशिवाय मी तीही सांगणार नाही.

माझा शब्द म्हणून हॉलचा विचार सोडू नका, स्वतः बघा. दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, हॉलच्या लादीवर ठेवून चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, हवा जायला फट नको, आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा लादी गडद झाली तर ओल जमिनीतून येतेय. बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर तो हवेतला घाम, त्याला फारसं भ्यायला नको. हे पावसाळ्यातच करा, मार्चमध्ये केलंत तर कुठलीही लादी पास होते. एक तुकडा मधे, एक बाहेरच्या भिंतीपाशी. आणि वरच्या खोल्यांत पण एकेक लावा, विशेष करून बाथरूमला लागून असलेल्या भिंतीजवळ, कारण न्हाणीचं पाणी स्लॅबमधून सरकत असेल तर तिथे कळेल, तसं निघालं तर आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि मग पुढचं सगळं.

नंतरची निगा फार नाही, फक्त घरी लादी पुसायला येणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः उभं राहून दाखवा, कारण आपल्याकडे बादलीभर फिनाइलच्या पाण्यात फडका बुडवून निथळत्या फडक्यानेच पुसायची सवय. इथे फडका पिळून पिळून ओलसर, बस्स. स्टीम मॉप नको. मुलाने पाणी सांडलं तर पाच-दहा मिनिटांत पुसून घ्यायचं, त्याला ओरडू नका बिचाऱ्याला. खाट, खुर्ची सगळ्याच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा आणि जिन्याच्या तोंडाशी एक जाड पायपुसणं, माती तिथेच राहील.

आणि या पावसात एक काम वरच्या खोल्यांत करून ठेवा. पश्चिमेच्या खिडक्या बघा. जून-जुलैमध्ये वारा तिकडूनच पाऊस आणतो आणि स्लायडिंग खिडकीची पन्हळ भरली की पाणी आत भिंतीवरून उतरतं, रात्री पडतं आणि सकाळपर्यंत सुकतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. एका जोराच्या पावसाच्या रात्री टॉर्च घेऊन वर जा, जिथे जिथे पाणी आत आलंय तिथे लादीवर खडूने खूण करा, तारीख टाका. त्या खिडक्यांची पाणी बाहेर जायची भोकं साफ करून, बाहेरून सिलिकॉन मारून घ्या, आणि पुढच्या मोठ्या पावसात परत बघा. खुणेच्या आत पाणी आलं नाही तर नोव्हेंबरमध्ये माल मागवायला हरकत नाही. बादलीतल्या तुकड्यांचं आणि प्लास्टिकचं काय झालं ते मला कळवा, फोटो काढलेत तर जाडीच्या आकड्यासकट पाठवा, मग ते ८ मिमीचं घ्यायचं की नाही ते नक्की सांगतो.